निकाल राखून ठेवला आहे

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, जर्मन संघराज्याच्या हद्दीत ज्वारीची भाकरी थापण्याचा, पिठलं घोटण्याचा आणि काळ्या मसाल्याच्या आमटीला फोडणी देण्याचा पहिला मान जर्मन नागरिकांचा आहे. त्यांच्यापैकी कोणी पुढे न आल्यास हा मान युरोपीय संघातल्या उरलेल्या सव्वीस देशांकडे जाईल. पोर्तुगालने नको म्हटलं, फिनलंडने मान हलवली, बल्गेरियाने हात झटकले, की मगच बार्शीच्या माणसाने चुलीजवळ यावं.

हे मी रचलेलं नाही. हा इथला कायदा आहे आणि त्याला फोरांगप्रूफुंग असं घशात अडकणारं नाव आहे. बाहेरच्या देशातून स्वयंपाकी आणायचा असेल तर हॉटेलमालकाने आधी ती जागा रोजगार कार्यालयाला कळवायची. कार्यालय आपल्याकडचे बेकार उमेदवार पाठवणार. त्यांच्यातला एकही चालण्यासारखा नाही हे कागदावर आलं, की मग बाहेरचा माणूस. आमच्यासारख्या इंजिनिअर मंडळींसाठी ही तपासणी केव्हाच गुंडाळली. मी येना नावाच्या शहरात भिंगांच्या कारखान्यात आहे. मी घासलेल्या भिंगातून म्हणे उपग्रह पृथ्वीकडे बघतो. मला नेमताना कोणी फिनलंडला विचारलं नाही. पण पिठलं म्हटलं की जर्मनी सावध होते.

आणि हा नियम मनापासून, सोवळ्यात असल्यासारखा पाळणारा अख्ख्या जर्मनीत मी एकच माणूस पाहिला. ते म्हणजे आमचे सर.

सर येनापासून गाडीने वीस मिनिटांवरच्या एका लहानशा गावात मराठी जेवणाचं हॉटेल चालवायचे. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे, त्यामुळे माझ्या सगळ्या कोटांना हिंगाचा वास होता आणि कारखान्यात मला एकटीला लिफ्ट मिळायची. सर मूळचे बार्शीकडचे, शाळेत गणिताचे मास्तर, शिवाय बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासणारे. त्यांच्या बायकोला, म्हणजे मॅडमना, काचेवरच्या संशोधनासाठी इथल्या संस्थेत जागा मिळाली आणि सर नोकरी सोडून मागोमाग आले. ते स्वतः सांगायचे, "मी मॅडमच्या सामानातून आलो. वजनात बसलो म्हणून." इथे त्यांच्या पदव्यांना कोणी विचारेना. सरांची आई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिच्या हाताखाली ते दोनशे माणसांचं जेवण बघत वाढले होते. तेव्हा त्यांनी एक बंद पडलेलं बेकरीचं दुकान घेतलं आणि तिथे पिठलं-भाकरी सुरू केली.

हॉटेल हा शब्द मी उदारपणे वापरते आहे. ती शाळाच होती. सरांच्या सदऱ्याच्या खिशाला कायम तांबडं पेन असायचं. गिऱ्हाईक जेवून उठलं की सर ताट हातात घेऊन उजेडाकडे धरायचे. "आमटी संपवलीत, छान. भाकरीचा काठ सोडलात. उत्तर अपूर्ण." मग कागदी रुमालावर मार्क लिहून देणार. एक दाताचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे अशा रुमालांची फाइल होती. सुरुवातीचा शेरा होता, 'दहापैकी तीन, हाताने जेवायचा सराव हवा'. दोन वर्षांनी ते साडेआठवर आले तेव्हा त्यांनी सगळ्या टेबलांवर फिरून तो रुमाल दाखवला होता.

मार्क देणं हा सरांचा श्वास होता. रेल्वेला द्यायचे, डॉक्टरला द्यायचे, आकाशाला द्यायचे. मी एकदा साडी नेसून खाली आले तर म्हणाले, "निऱ्यांना सहा, धाडसाला नऊ." मॅडमनी मात्र लग्नाच्या पहिल्याच महिन्यात बजावलं होतं म्हणे, "अहो, मला मार्क दिलेत तर मी फेरतपासणीला माहेरी जाईन." मॅडम बोलायच्या कमी, पण बोलल्या की काच कापल्यासारखं व्हायचं. सर त्यांना घरातही मॅडमच म्हणायचे.

एक गोष्ट सरांनी मला हसत हसत सांगितली होती, आणि मी ती त्यांच्याइतकीच हलकी करून सांगायचा प्रयत्न करते. त्यांच्या लहानपणी शाळेच्या परीक्षेत पेपरवर नाव लिहावं लागे. बोर्डाच्या परीक्षेत फक्त नंबर. "शाळेत मी आठ वर्षं काठावर पास," सर म्हणाले. "तपासणारा आधी आडनाव वाचायचा, पाच मार्क तिथेच कापायचा, मग पान उलटायचा. बोर्डात नंबर पडला आणि मी तालुक्यात तिसरा आलो. गुरुजी घरी पेढे मागायला आले होते. आईने दिले, पण दारातून." एवढं बोलून ते मोहरी निवडायला लागले.

त्यांचं एक वाक्य होतं, ते स्वयंपाकघरात फळ्यावर लिहिलेलं असायचं: न तपासता नापास करणारा मास्तर आणि न चाखता मीठ घालणारा आचारी, दोघांना एकाच बाकावर उभं करावं.

आता मूळ गोष्टीकडे येते. सरांच्या पाठीचा मणका सरकला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चुलीपुढे उभं राहणं बंद. सदऱ्यावरून पट्टा बांधून सर उंच स्टुलावर बसून पिठलं घोटायला लागले, पण भाकरी बसून थापता येत नाही, आणि थापली तर ती भाकरी राहत नाही. सहा दिवस चालणारं हॉटेल आधी चार दिवसांवर आलं, मग तीन. मॅडमनी तारीख घातली, "मार्चअखेरपर्यंत आचारी आला नाही तर मी दाराला कुलूप लावून किल्ली नदीत टाकणार आहे. आणि मी टाकते."

आचारी तयार होता. सुभाष. बार्शीच्या एका खानावळीत सोळा वर्षं मुख्य आचारी, हाताला चव अशी की एक वकील त्याच्या आमटीसाठी घर बदलून खानावळीसमोर राहायला आले होते. मॅडमनीच त्याला फोनवर सांगून टाकलं की महिन्याभरात काम होईल. त्या भाबड्या माणसाने खानावळ सोडली, आतून घालायचे लोकरी कपडे आणले आणि थंडीची सवय व्हावी म्हणून ते घालून बार्शीच्या उन्हात हिंडायला लागला. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. "सर, घाई काही नाही. पण माझं कसं काय?"

तर सुभाष यायचा असेल, तर आधी कार्यालयाने पाठवलेले उमेदवार बघणं आलं.

शेजारच्या गावात एक पंजाबी हॉटेलवाले होते, सगळे त्यांना पाजी म्हणत. ते स्वतः सल्ला द्यायला आले. त्यांची युक्ती सोपी होती. जाहिरातीत लिहायचं, उमेदवाराला मराठी, हिंदी आणि उर्दू उत्तम यावं, भाकरीचा दहा वर्षांचा अनुभव असावा. कोण येणार? आणि चुकून आलाच तर एक गोणी कांदा चिरायला द्यायचा, दुपारपर्यंत आपोआप निघून जातो. "सगळे असंच करतात, मास्टरजी."

सरांनी त्यांना चहा पाजला, निरोप दिला आणि दार लावून माझ्याकडे वळले. "पेपर फुटलेला मी पाहिलाय. पण आधी नापास करून मग छापलेला पेपर पहिल्यांदाच पाहतोय."

"मग तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"परीक्षा घेणार."

मला वाटलं ते गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दारात जर्मनमध्ये उतरवण्यासाठी प्रश्नपत्रिका आणून दिली. लेखी वीस मार्क, प्रात्यक्षिक साठ, तोंडी वीस. एकूण शंभर, पास व्हायला पस्तीस. प्रश्न पहिला, कारणे द्या: भाकरीच्या पिठात गरम पाणी का घालतात? प्रश्न दुसरा, फरक स्पष्ट करा: पिठलं आणि झुणका. प्रश्न तिसरा, जोड्या लावा. तळाशी टीप होती की शुद्धलेखनाचे मार्क कापले जाणार नाहीत, कारण भाषांतर शेजारणीने केले आहे.

सोमवारी हॉटेल बंद असायचं. त्या सोमवारी टेबलं हातभर अंतरावर सरकवली गेली, प्रत्येकावर खडूने आसन क्रमांक पडला, आणि सरांनी स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून परीक्षा सुरू केली. कार्यालयाने तिघांना पाठवलं होतं.

पहिला एक उंच तरुण होता. तो फक्त आपण येऊन गेल्याची सही घ्यायला आला होता. "पेपर लिहा, सही घ्या," सर म्हणाले. त्याने प्रश्नपत्रिका वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचली आणि 'मला ही नोकरी नको' असं स्वहस्ते लिहून देऊन निघून गेला.

दुसरा इटलीच्या दक्षिणेकडचा जुना, मुरलेला आचारी होता. त्याने पिठल्याची कृती वाचून जाहीर केलं की ही त्यांच्याकडची मक्याच्या पिठाची पोलेंता आहे, बिघडलेली. सर म्हणाले, पोलेंता हे न जमलेलं पिठलं आहे. यावर दीड तास वाद झाला, दोघांनीही दोन्ही पदार्थ करून दाखवले, शेवटी एकमेकांना मिठी मारली, आणि तोही नको म्हणून लिहून देऊन गेला. सर बरेच दिवस त्याची आठवण काढत होते.

तिसऱ्या फ्राऊ क्राउझं, म्हणजे क्राउझंबाई. वय सत्तावन्न. शाळेच्या कँटीनमध्ये वीसेक वर्षं स्वयंपाकीण होत्या, मग ती कँटीन बंद झाली. रुंद खांदे, आखूड केस, टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेली स्वतःची सुरी. त्या एकट्याच शेवटपर्यंत बसल्या. जीभ दातांत धरून लिहीत होत्या. गरम पाणी का घालतात, याचं उत्तर त्यांनी लिहिलं होतं, 'कारण थंडी असते.' पिठलं आणि झुणक्यातल्या फरकासाठी अर्धं पान कोरं सोडून शेवटी एक ओळ: 'माहीत नाही, पण दोन्ही बघायला आवडतील.' प्रात्यक्षिकात त्यांच्या भाकरीचा नकाशा झाला आणि नकाशाचे पुढे तुकडे झाले. एकूण मार्क अकरा.

मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला. फॉर्म भरायला मी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात फ्राऊ क्राउझंनी आपला पेपर मागितला, तांबडे शेरे एकेक करून वाचले आणि सरांना जर्मनमध्ये 'मास्तर' अशी हाक मारून विचारलं, "हेर लेरर, मी नक्की कुठे चुकले?"

सर स्टुलावरून उतरले. पाठीला पट्टा असलेला माणूस असा झटकन उतरत नाही. "इतकी वर्षं पेपर तपासले," ते मला मराठीत म्हणाले, "मुलं मार्क वाढवा म्हणाली, आईबाप वाढवा म्हणाले, एकदा आमदाराचा माणूस वाढवा म्हणाला. कुठे चुकलो असं कोणी विचारलं नव्हतं."

आणि त्यांनी कार्यालयाला कळवलं: उमेदवार क्रमांक तीन, निकाल राखून ठेवला आहे. फेरपरीक्षा सहा आठवड्यांनी.

त्या दिवशी स्वयंपाकघरात झालेला संवाद मी जिन्यात उभी राहून ऐकला. उभं राहायचं कारण नव्हतं, पण जिना माझाही होता.

"अहो, अकरा मार्क. अकरा म्हणजे नापास, हे मला काचेच्या बाईला कळतं. लिहून द्या आणि सुभाषला बोलवा."

"मॅडम, तिला अभ्यासक्रम दिला नव्हता. अभ्यासक्रम न देता परीक्षा घेणं हा दरोडा आहे."

"तिने अभ्यास केला आणि ती पास झाली तर?"

"तर पास होईल."

"आणि सुभाष?"

सरांनी खलबत्ता जवळ ओढला. दाणे कुटल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

दोन दिवसांनी कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. सर जर्मनमध्ये फोनवर बोलायचे नाहीत, तो पेपर माझा. साहेब फार सभ्य होते, प्रत्येक गोष्टीची सुरुवात 'आल्झो', म्हणजे 'तर मग', अशी करणारे. "आल्झो," ते म्हणाले, "मी सगळा फॉर्म पाहिला. निकाल राखून ठेवला असा रकाना मला सापडत नाही. माझ्याकडे तीनच आहेत. उमेदवार योग्य, उमेदवार अयोग्य, किंवा उमेदवाराने स्वतः नकार दिला. योग्य असेल तर ती जागा तिची, तुमच्या भारतातल्या आचाऱ्याला परवानगी मिळणार नाही. बाकी दोन्हींत मिळेल. हे राखून ठेवणं म्हणजे यातलं काय?"

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "त्यांना सांग, चौथा रकाना म्हणजे माणुसकी." मी सांगितलं की चौकशी चालू आहे.

मग सहा सोमवार फ्राऊ क्राउझं वही घेऊन आल्या. ज्या परीक्षेत त्या नापास झाल्या तरच आपलं हॉटेल वाचणार, तिचीच तयारी सर त्यांच्याकडून स्टुलावर बसून करून घेत होते. जगात असा दुसरा क्लास निघाला नसेल. हात धुवा, पीठ मळा, मनगट मोकळं ठेवा, तव्याला घाबरू नका. त्या चुकल्या की सर ओरडायचे नाहीत, "पुन्हा" एवढंच म्हणायचे. एकदा मी विचारलं की एवढी मेहनत का घेताय, तर फ्राऊ क्राउझंनी पिठाच्या हातानेच सांगितलं. कँटीन बंद झाल्यापासून त्यांना एकामागून एक कोर्सला पाठवलं गेलं. गोदामाचा कोर्स, कॉम्प्युटरचा कोर्स, फुलांचे गुच्छ बांधायचा कोर्स. सगळीकडे शेवटी हजर राहिल्याचं प्रमाणपत्र. "मला काही आलं का, ते एकानेही तपासलं नाही," त्या म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. ती फाटली. सर म्हणाले, "पुन्हा."

रविवारी सुभाषचा फोन यायचा. आता सरांऐवजी मॅडम घ्यायच्या. "हो रे, होतंय. कागद पुढे गेलेत." फोन ठेवला की त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी खिडकीबाहेर.

फेरपरीक्षेच्या दिवशी साहेब स्वतः आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. फाइलीवर इतक्यांदा 'राखून ठेवला' वाचून माणसाला राहवेना बहुतेक. उंच, सडपातळ, टाय लावलेले, आत आल्यावर त्यांनी बूट काढावेत की नाही असं विचारलं आणि सरांनी त्यांना तिथल्या तिथे परीक्षक करून टाकलं.

सरांचा आग्रह होता की प्रात्यक्षिक डोळ्याआड व्हावं. कुणाचं पिठलं कुणाचं, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. पण उमेदवार एकच. म्हणून दुसरी वाटी मांडण्यासाठी त्यांनी मॅडमना स्वयंपाक करायला लावला. मॅडमनी चौदा वर्षांत चहाखेरीज काही केलेलं नव्हतं. त्या फणफणत आत गेल्या आणि दार लावून घेतलं. तासाभराने मी आतून वाट्या आणल्या, एक नंबर आणि दोन नंबर. कोणती कुणाची, हे फक्त मला माहीत होतं.

सरांनी एक नंबरचं पिठलं चाखलं. डोळे मिटले. मग अत्यंत प्रेमाने म्हणाले, "मॅडम, सुधारलात हो तुम्ही. आईची आठवण आली." दोन नंबरचं चाखलं आणि खेदाने मान हलवली. "फ्राऊ क्राउझं, सहा आठवडे फुकट गेले. हे पिठलं नाही, ही भिंतीत भरायची लापी आहे."

आतून मॅडमचा आवाज आला, "अहो, लापी माझी आहे."

साहेब, ज्यांना मराठी येत नव्हतं, त्यांनाही हे न सांगता कळलं. त्यांनी टाय सैल केला.

सरांनी मान खाली घालून मार्क मांडले. पिठल्याला वीसपैकी चौदा. आमटीला सहा, ती पातळ होती. भाकरीला चार, कारण ती गोल होती पण कच्ची होती. लेखीला सहा. आता राहिली तोंडी, आणि तोंडी जर्मनमध्ये असल्यामुळे ती माझ्याकडे होती.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. तोंडीला जाण्यापूर्वी मॅडमनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "हात आखडता घे. सुभाषने नोकरी सोडलीय, माझ्या शब्दावर." बस, एवढंच.

वीस प्रश्न, एकेका मार्काचे. फ्राऊ क्राउझंना पंधरा आले नाहीत, त्यात काही वाद नाही. पाच आले. फोडणी जळाली तर काय कराल? "खिडकी उघडीन आणि दुसरी करीन." बरोबर. अचानक चार पाहुणे वाढले तर आमटीचं काय कराल? "पाणी." बरोबर. पण मी त्या उत्तरापाशी थांबले, सुभाष लोकरी कपड्यांत बार्शीच्या उन्हात उभा असलेला मला दिसला, आणि मी मनाशी म्हटलं, उकळतं पाणी म्हणायला हवं होतं. मार्क कापला. तोंडी, वीसपैकी चार.

सरांनी बेरीज केली. पुन्हा केली. मग तांबडं पेन टेबलावर ठेवलं.

"चौतीस," ते म्हणाले.

साहेबांनी फॉर्म पुढे ओढला. "पस्तीसला पास होतं ना? मग चौतीस म्हणजे अयोग्य. गेनाऊ, अगदी बरोबर. तुमच्या आचाऱ्याचं काम झालं, अभिनंदन." मॅडमनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या. फ्राऊ क्राउझं टेबलाशी उभ्या होत्या, दोन्ही हात पिठाचे, आणि त्या सरांकडेच बघत होत्या. आकडा त्यांना कळला होता. जर्मनमध्येही तो तेवढाच होता.

सर खिडकीशी गेले. परत आले. पट्टा घट्ट केला. मग पेन उचललं, चौतीसच्या पुढे एक अधिक एक असं लिहिलं आणि खाली सही केली.

"ग्रेस," ते म्हणाले.

"अहो," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, एका मार्काने मी आयुष्यात कुणाला नापास केलेलं नाही. आमच्या बोर्डात रीत आहे."

मी साहेबांना ग्रेस मार्क म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी ते टिपून घेतलं आणि खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारलं, "हे कोणत्या कलमाखाली देतात?"

"कलम नाही," सर म्हणाले. "तपासणाऱ्याने धरून चालायचं असतं की शंभरात एखादा मार्क आपल्याच हातून चुकीचा कापला गेला असणार."

मी हे भाषांतर केलं. कसं केलं ते माझं मलाच ठाऊक. माझे कान इतके तापले होते की वर भाकरी शेकता आली असती. सरांना कळलं होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

साहेबांनी फॉर्मवरचे तिन्ही रकाने पुन्हा वाचले. "आल्झो," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले, "मग मला 'योग्य' या रकान्यात खूण करावी लागेल. जागा फ्राऊ क्राउझंची. भारतातल्या गृहस्थांना नाही म्हणावं लागेल. तुमची खात्री आहे?"

"पास म्हणजे पास," सर म्हणाले. पण हे म्हणताना त्यांनी टेबलाची कड धरली होती. भाकरी चौथ्या मार्कावर अडकलेली स्वयंपाकीण, तीन दिवस चालणारं हॉटेल, आणि तिकडे घरी बसलेला सुभाष, हे सगळं त्यांना दिसत नव्हतं असं नाही. त्यांना बेरीज येत होती.

मॅडमनी फोन उचलला आणि नुसताच हातात धरून उभ्या राहिल्या. "त्या माणसाला मी काय सांगू, तेवढं तरी सांगा. काय शब्द वापरू?"

सर माझ्याकडे वळले. "तिला सांग. तिचा निकाल आहे, तिला आधी कळायला हवा."

मी फ्राऊ क्राउझंना सांगितलं. पस्तीस. त्यातला एक मार्क ग्रेसचा. तुम्ही पास झालात, नोकरी तुमची आहे, पुढच्या सोमवारपासून यायचं.

त्यांनी मार्कांचा कागद माझ्या हातून घेतला. सरांच्या सहीवरून पिठाचं बोट फिरवलं. मग कागदाची नीट घडी करून ती आपल्या सुरीच्या टॉवेलमध्ये ठेवली. साहेबांची लेखणी 'योग्य'च्या रकान्यावर टेकली होती.

"थांबा," फ्राऊ क्राउझं त्यांना म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि त्या हसत होत्या. "नोकरी कशाला? वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मी तीन आठवड्यांपूर्वीच लागले. सोमवारी मला सुट्टी असते. मला तर फक्त पास व्हायचं होतं."